ऐकणारा माणूस : म्युनिकच्या एका संग्रहालयात फसलेली फेरी आणि तिची दुरुस्ती

प्रकरण थोडक्यात असं. पुण्याहून तीन आठवड्यांच्या भाषा-सहलीसाठी म्युनिकला नेलेल्या अकरा जणांना मी आधुनिक कलेच्या संग्रहालयात घेऊन गेले. मार्गदर्शकासह दीड तासाची फेरी ठरवली होती. त्या दीड तासात अकरा जणांच्या तोंडून जर्मनमधलं एकच पूर्ण वाक्य बाहेर पडलं : टॉयलेट कुठे आहे? तीन दिवसांनी तेच अकरा जण त्याच दालनांत पुन्हा गेले, तेव्हा संध्याकाळ झाली तरी निघायला तयार नव्हते. मधल्या तीन दिवसांत कोणाचं जर्मन सुधारलं होतं म्हणावं, तर तसं काही नव्हतं. मग बदललं काय, ते लिहून ठेवते आहे.

कोण, कुठे, कशासाठी

गोष्ट कोविडच्या आधीच्या एका मे महिन्यातली. गटातले सात जण इंजिनिअर, पुढच्या वर्षी मास्टर्ससाठी जर्मनीला जायच्या तयारीत. दोघी साहित्याच्या विद्यार्थिनी. एक सातारा जिल्ह्यातली नर्स, तिकडच्या इस्पितळात नोकरी करायची म्हणून भाषा शिकणारी. आणि एक काका, चाकणच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेले, जर्मन साहेबांची इंग्रजी ऐकून कंटाळले म्हणून जर्मन शिकायला लागलेले. सगळ्यांची पातळी बी-वन, म्हणजे ए-वनपासून सी-टूपर्यंतच्या सहा पायऱ्यांमधली तिसरी. या पायरीवरचा माणूस घरमालकाशी भांडू शकतो, डॉक्टरला पोटदुखी सांगू शकतो, आणि परीक्षेत एखाद्या विषयावर चार-पाच मुद्दे मांडून दाखवू शकतो.

सकाळी वर्ग, दुपारी शहर, असा कार्यक्रम होता. संग्रहालय म्हणून लेनबाखहाउस मी निवडलं ते विचार करून. फ्रान्त्स फॉन लेनबाख या श्रीमंत चित्रकाराचा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेला बंगला, त्याला 2013 मध्ये नॉर्मन फॉस्टरच्या कंपनीने जोडलेला पितळी रंगाचा नवा भाग, आणि आत ‘ब्लाउअर रायटर’ म्हणजे ‘निळा स्वार’ या मंडळींची चित्रं. वासिली कान्डिन्स्की, गाब्रिएले म्युंटर, फ्रान्त्स मार्क, अलेक्सेय याव्लेन्स्की ही माणसं याच शहरात आणि जवळच्या मुर्नाऊ गावात राहून, जेवून, भांडून चित्रं काढत होती. ज्या गावात भाषा शिकायची त्याच गावात जन्मलेली चित्रं बघायची, हा माझा हिशेब. पॅरिसच्या चित्रांसाठी पॅरिसला जावं.

दुसरं कारण कमी उदात्त आहे. पाऊस पडत होता आणि क्योनिग्सप्लात्झ हे भुयारी रेल्वेचं स्टेशन संग्रहालयाच्या दारात आहे.

मंगळवार

चूक माझ्या ईमेलपासून सुरू झाली. फेरी ठरवताना मी लिहिलं, ‘बी-वन परीक्षा दिलेला गट आहे, जर्मनमध्येच बोला, इंग्रजी नको.’ अभिमानानं लिहिलं होतं. मार्गदर्शक बाईंनी त्याचा अर्थ सरळ घेतला : यांना जर्मन येतं. गट कशासाठी येतोय, आधी काय पाहिलंय, किती चित्रं बघायची आहेत, यातलं मी काहीच कळवलं नव्हतं.

बाई विषयातल्या तज्ज्ञ होत्या आणि मनापासून बोलत होत्या. पण पहिल्याच चित्रापाशी ‘गेगनश्टेंडलिश’ हा शब्द आला आणि दर दोन वाक्यांनी येत राहिला. ‘गेगनश्टांट’ म्हणजे वस्तू, हे आमच्या सगळ्यांना येत होतं. हरवलेल्या वस्तूंच्या धड्यात तो शब्द आहे, छत्री, पाकीट वगैरे. चित्राच्या संदर्भात ‘गेगनश्टेंडलिश’ म्हणजे ज्यात ओळखू येईल असं काही काढलंय ते, आणि कान्डिन्स्कीची सारी धडपड त्यातून बाहेर पडण्याची. बाई सांगत होत्या की वस्तू कशी विरघळत गेली, आणि आमचा चाकणचा गडी शेजारच्याला मराठीत विचारत होता, "काय हरवलंय म्हणतात?"

हसू आलं तरी मी ते गिळलं, कारण बाकीचे माना हलवत होते. ही मान हलवायची सवय आपल्या शाळांची देणगी. सर फळ्याकडून वळून ‘कळलं?’ म्हणाले की वर्गानं ‘हो’ म्हणायचं असतं. ‘नाही’ म्हणणारा पोरगा आगाऊ किंवा ढ. त्या माना पाहून बाईंचा उत्साह वाढला, वाक्यं लांबली. शेवटी त्यांनी विचारलं, "काही प्रश्न?" अकरा जण जमिनीकडे. मग नर्सनं धीर करून तो टॉयलेटचा प्रश्न विचारला. व्याकरण निर्दोष होतं.

बाहेरच्या कॅफेत मात्र सगळ्यांना वाचा फुटली. मराठीत. ट्रेनचं भाडं, मालकिणीचा कुत्रा, तिकिटाचे युरो गुणिले ऐंशी. चित्रांबद्दल एक चकार शब्द नाही.

रात्रीची झाडाझडती

आमच्या वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात रात्री मेतकूट-भात झाला, आणि मी विषय काढला. नेहमीची कारणं पुढे आली. बाई भरभर बोलत होत्या. शब्द अवघड होते. सकाळपासून चार तास वर्ग झाला होता, डोकं चालत नव्हतं. तिन्ही खरी, पण मला पुरेशी वाटेनात. त्याच मुलांनी आदल्या रविवारी फुटबॉलच्या सामन्यावर एका बवेरियन आजोबांशी अर्धा तास हुज्जत घातली होती, आणि आजोबा तर बवेरियन बोली बोलत होते, ती मलाही निम्मीच कळते.

मग मी एक उद्योग केला, तो सुचला याबद्दल मी अजून स्वतःवर खूश आहे. प्रत्येकाला कागद दिला आणि सांगितलं, आज पाहिलेल्या कुठल्याही एका चित्राबद्दल पाच ओळी लिहा. मराठीत.

दहा मिनिटांनी कागद गोळा केले. ‘रंग छान होते.’ ‘खूप वेगळं होतं.’ ‘मला आवडलं पण कळलं नाही.’ ‘मॉडर्न आर्ट होतं.’ एकानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘निळा घोडा. घोडा निळा नसतो.’ पाच ओळी फक्त दोघांच्या भरल्या होत्या, आणि त्यातल्या एकीच्या पाचपैकी तीन ओळी इमारतीबद्दल होत्या.

म्हणजे खोट जर्मनमध्ये नव्हती. चित्रासमोर उभं राहून काय बोलतात, हे या मुलांनी मायबोलीतही कधी केलेलं नव्हतं. आपल्याकडे ‘मॉडर्न आर्ट’ हा शब्द मुळात थट्टेचा. पोळीचा नकाशा झाला, भिंतीवर ओल आली, पोरानं रंग सांडले की ‘वा, मॉडर्न आर्ट!’ ज्या गोष्टीसाठी मराठीत फक्त विनोद आहे, तिच्याबद्दल जर्मनमध्ये गंभीर वाक्य कुठून येणार? आणि हे त्या भाषेत, जिच्यात चित्राबद्दल गंभीर बोलण्यासाठी शंभर वर्षं घासूनपुसून लांबलचक शब्द तयार केलेले आहेत.

अपवाद एक होता. साहित्याच्या दोघींपैकी एकीनं शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ड्रॉइंग परीक्षा दिल्या होत्या. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही असा मराठी वाचक विरळा. सप्टेंबरच्या सुमारास बोर्ड, क्लिपा आणि पाण्याचा डबा घेऊन परीक्षेला निघालेली पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. तिच्या कागदावर पाच ओळी होत्या आणि त्यात शब्द होते : आउटलाइन, सपाट रंग, छटा नाहीत, ‘आमच्या बाईंनी मार्क कापले असते.’ स्थिरचित्र, स्मृतिचित्र, संकल्पचित्र हे शब्द तिला पाठ होते. सरकारी परीक्षेनं का होईना, तिच्या हातात अवजारं दिली होती.

हळदणकरांची बाई

बुधवारी वर्गात पडताळा घेतला. फोनवर सावळाराम हळदणकरांचं ते प्रसिद्ध चित्र दाखवलं : हातात समई धरलेली बाई, दुसऱ्या हाताची बोटं ज्योतीसमोर आडोशाला, बोटांच्या फटींतून लालसर उजेड. सावंतवाडीचा हा चित्रकार, चित्र 1945-46 च्या सुमाराचं, जलरंगातलं, मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि त्यासाठी त्यांची स्वतःची मुलगी उभी राहिली होती. चित्र सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिलेलं. आता बोला म्हटलं, जर्मनमध्ये.

सात मिनिटं बोलले. बाई आहे, साडी आहे, हातात दिवा आहे, मागे तिची सावली आहे, बहुतेक संध्याकाळ आहे, बहुतेक ती देवापुढे जाते आहे, वारा असावा म्हणून हात पुढे. ‘बहुतेक’ आणि ‘असावा’ आपोआप येत होते. शब्द अडला तर हातानं दाखवत होते. म्हणजे बी-वनवर चित्राबद्दल बोलता येतं. चित्रातल्या गोष्टींना नावं देता आली पाहिजेत, एवढंच. कान्डिन्स्कीपाशी नावं संपतात आणि भाषाही तिथेच संपते.

तर मग दोघांच्या मधलं चित्र हवं होतं. ज्यात माणूस माणसासारखा आहे पण पुरता नाही. आणि मंगळवारी आम्ही ज्याच्यासमोरून बहुतेक दोन मिनिटांत पुढे सरकलो होतो, ते चित्र मला आठवलं.

गाब्रिएले म्युंटरनं 1909 मध्ये काढलेलं. एका टेबलाशी बसलेला माणूस : गोल गुलाबी डोकं, काळा कोट, कमानीसारख्या वर चढलेल्या भुवया. टेबलावर खाणं. सगळं ठळक काळ्या रेघेत बांधलेलं, आत सपाट रंग. माणूस म्हणजे याव्लेन्स्की. चित्राबाहेर कोणीतरी बोलतंय आणि तो ऐकतोय. बोलणारा कान्डिन्स्की, विषय कलेतले त्याचे नवे सिद्धांत, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उतरलेला गोंधळ म्युंटरला पकडायचा होता, हे तिनंच नंतर सांगितलेलं आहे. चित्राचं नाव ‘त्सुह्योरन’. कान देऊन ऐकणं.

आता सांगा, मंगळवारच्या आमच्या फेरीचं याहून चांगलं चित्र कोणी काढू शकलं असतं?

शुक्रवार

दुसऱ्या फेरीचे पैसे माझ्या खिशातून गेले, त्यामुळे अटी माझ्या. मार्गदर्शक नाही. भिंतीवरची पाटी वाचायची नाही. दोघा-दोघांना एक चित्र, वीस मिनिटं, आणि पेन्सिल, कारण पेन संग्रहालयात चालत नाही. मी कोणालाही काहीही समजावून सांगणार नाही. आधी फक्त नामं लिहायची, त्यांच्या लिंगासकट. मग कुठे काय आहे : वर, खाली, मागे, मध्ये. मग रंग. आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य ‘जणू काही’चं. जर्मनमध्ये त्याला ‘आल्स ऑप’ म्हणतात, त्यानंतर क्रियापद संकेतार्थी होतं आणि वाक्याच्या टोकाला जातं. इंग्रजीतून जर्मनकडे येणारे तिथे ठेचकाळतात. मराठी माणसाला क्रियापद शेवटी ठेवायचं शिकवावं लागत नाही, फक्त ‘तुझ्या घरच्यासारखंच आहे’ एवढी आठवण करून द्यावी लागते.

काका आणि नर्स यांच्याकडे म्युंटरचा ऐकणारा माणूस होता. काकांचं ‘आल्स ऑप’चं वाक्य वहीत उतरवून ठेवलंय. मराठीत ते असं होईल : ‘हा माणूस असा दिसतो की जणू मीटिंगमध्ये साहेबानं नवीन प्रोसेस सांगितली आहे आणि याला एक अक्षर कळलेलं नाही, पण पगार हवा आहे.’ व्याकरणात दोन चुका होत्या. मी एकही सुधारली नाही. नंतर पाटी वाचली, नाव कळलं, मग मी कान्डिन्स्कीची गोष्ट सांगितली, तेव्हा काका जोरात ‘आह!’ म्हणाले आणि दालनातल्या सुरक्षारक्षकानं वळून पाहिलं.

ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेली मुलगी काळ्या रेघेवर अडून बसली होती. तिच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या रेघ दिसता कामा नये, छटेतून आकार आला पाहिजे. मग इथे उघड काळी रेघ का? याचं उत्तर त्याच इमारतीत मिळतं. म्युंटर आणि तिच्या मित्रांना मुर्नाऊच्या परिसरातली काचचित्रं सापडली होती, गावातल्या कारागिरानं काचेच्या मागच्या बाजूनं रंगवलेली. त्यात काम उलटं चालतं. कॅनव्हासवर जे शेवटी, ते इथे आधी : आधी रेघ, डोळे, बारकावे, मग अंगाचे रंग, आणि सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. चूक झाली तर वरून झाकता येत नाही. म्युंटर हे तंत्र तिथल्याच एका कारागिराकडून शिकली. म्युनिकच्या कला अकादमीचे दरवाजे तेव्हा स्त्रियांना बंद होते, आणि तिचं शिक्षण खासगी वर्गांत, त्यांत कान्डिन्स्कीच्याही, झालं होतं. मुलगी एकदम म्हणाली, "अशी काचेवरची चित्रं केळकर म्युझियममध्ये आहेत की!" आहेत. पुण्यातल्या शाळकरी पोराला सहलीत तिथे नेतात, आणि ते सगळ्यात आधी मस्तानी महाल बघायला पळतं.

एका इंजिनिअर जोडीच्या वाट्याला कान्डिन्स्कीचं 1911 चं ‘इम्प्रेशन तीन’ आलं होतं. मोठा पिवळा पट्टा, मध्ये काळा तुकडा, खाली रंगीत वाटोळे आकार. त्यातल्या एकानं पहिल्याच मिनिटाला जाहीर केलं, हे माझा भाचापण काढेल. मी म्हटलं, छान, जर्मनमध्ये म्हण. ‘दास क्योंटं माइन नेफं आउख मालन.’ संकेतार्थाचा इतका स्वच्छ वापर त्यानं वर्गात कधी केला नव्हता. मग भाच्याच्या वतीनं तूच काढ म्हणून त्याला कागद दिला. पंधरा मिनिटांनी त्याच्या कागदावर काळ्या तुकड्याचे चार प्रयत्न होते. नुसता काळा डाग काढला की चित्र एका बाजूला कलंडतं, असं तो पुटपुटत होता. पाटी वाचायची वेळ आली तेव्हा कंसातला शब्द दिसला : कॉन्सर्ट. तो काळा तुकडा म्हणजे पियानो, वाटोळे आकार म्हणजे पुढे झुकलेले श्रोते. 2 जानेवारी 1911 ला कान्डिन्स्कीनं म्युनिकमध्ये आर्नोल्ड श्योनबेर्गच्या संगीताची मैफल ऐकली आणि लगेच हे काढलं. भाच्याचा मामा चित्राकडे परत गेला. त्याचं मत बदललं का, मी विचारलं नाही. त्यानं चित्राच्या अगदी जवळ बोट नेलं आणि रक्षक म्हणाला, "बिटं आपश्टांट!" अंतर ठेवा. त्या आठवड्यात अकरा जणांना एकाच वेळी, भाषांतराशिवाय कळलेलं ते पहिलं वाक्य असावं.

आणि त्यावरून साहित्याची दुसरी मुलगी, जी आतापर्यंत गप्प होती, ती माझ्याकडे आली. ‘आपश्टांट’ म्हणजे अंतर. ‘गेगनश्टांट’ म्हणजे वस्तू. ‘फेअश्टांडन’ म्हणजे कळलं. तिन्हींत ‘उभं राहणं’ आहे ना? आहे. एक लांब उभं राहिलेलं, एक समोर उभं ठाकलेलं, आणि तिसऱ्यात ते नेमकं कुठे उभं राहतं यावर भाषाशास्त्रज्ञ वाद घालतात. मंगळवारी ज्या शब्दानं आमची फेरी बुडवली, तो तिनं शुक्रवारी स्वतः उघडला. मी शिकवलं असतं तर तिनं वहीत लिहून घेतलं असतं आणि विसरली असती.

‘दाखव बघू’

योझेफ बॉइस या विसाव्या शतकातल्या जर्मन कलाकाराच्या दालनात जायचं माझ्या बेतात नव्हतंच. बी-वनला ते झेपणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. नर्स वाट चुकून तिथे गेली आणि बराच वेळ परतली नाही, म्हणून मी शोधायला गेले.

तिथे प्रेतागारातल्या दोन जुन्या ढकलगाड्या आहेत. खाली पत्र्याच्या पेट्या, त्यांत चरबी, थर्मामीटर. भिंतीशी अवजारं. सगळं जोडीनं, दोन-दोन. आणि दोन फळ्यांवर खडूनं लिहिलेलं : ‘त्साइगं डाइनं वुंडं’. तुझी जखम दाखव. 1976 मध्ये हे सगळं प्रथम म्युनिकच्या एका पादचारी भुयारात मांडलं होतं. 1979 मध्ये लेनबाखहाउसनं ते 2,70,000 मार्कांना (युरोआधीचं जर्मन चलन) घेतलं आणि शहरात बोंबाबोंब झाली. ‘आजवरचा सगळ्यात महाग श्पेरम्यूल’ असं लोक म्हणू लागले. श्पेरम्यूल म्हणजे घरातलं अवजड भंगार, मोडकी कपाटं, गाद्या. हा शब्द आमच्या पुस्तकात ‘घर बदलताना’ या धड्यात होता, त्यामुळे पुढे ती बोंबाबोंब सगळ्यांना लगेच कळली, आणि निम्म्यांना पटलीही.

नर्सला मात्र वस्तू ओळखीच्या होत्या. तिला खटकलं होतं ते व्याकरण. तिच्या नर्सिंगच्या जर्मन पुस्तकात हे वाक्य आहे, जवळजवळ हेच : ‘त्साइगन झी मिअ बिटं दी वुंडं.’ आपण, कृपया, मला, जखम दाखवा. तिला ते शंभरदा घोटवून घेतलं होतं आणि बजावलं होतं की मोठ्या पेशंटला ‘डू’ म्हणायचं नाही, ‘झी’च म्हणायचं. मग इथे ‘तुझी’ का? हा कोण बोलतोय पेशंटशी असं?

मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती जर्मनमध्ये सुरू झाली, अडली, मग मराठीत आली, आणि मी येऊ दिलं. म्हणाली, पेशंटला ‘तू’ म्हणणारं कोणी असतं का? मूल असेल तर म्हणतात. देवाला आपण तू म्हणतो, विठ्ठलाला कोण ‘तुम्ही’ म्हणतं? मग जरा थांबून, "किंवा आई. पडून आलं की आई म्हणतेच ना, दाखव बघू कुठे लागलंय."

‘तुझी जखम दाखव’ हे त्या नावाचं बरोबर भाषांतर आहे, वर्तमानपत्री मराठी. ‘दाखव बघू कुठे लागलंय’ हे खरं भाषांतर आहे, आणि ते मला सुचलेलं नव्हतं. बॉइसच्या मनात आई होती का, हा प्रश्न वेगळा. फळ्यावरचं जर्मन थंड आणि आज्ञार्थी आहे, त्यात ‘बघू’ नाही. पण ‘डू’ आणि ‘झी’ यांच्यातली फट तिनं जिथे पकडली, तिथे पाठ्यपुस्तक कधी पोचत नाही. कोष्टकात ती एका ओळीची बाब असते.

न जमलेलं

सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. दोघे इंजिनिअर शुक्रवारीही वीस मिनिटांतली सतरा मिनिटं बाकावर बसून होते. एकाचं चित्र फ्रान्त्स मार्कचं होतं, आणि त्याला चित्रापेक्षा मार्कच्याच दुसऱ्या, हरवलेल्या चित्राची गोष्ट जास्त आवडली. ती मी बसल्या बसल्या सांगितली होती, हा माझ्याच नियमाचा भंग. 1937 मध्ये नाझींनी याच शहरात ‘विकृत कला’ म्हणून आधुनिक चित्रांचं टिंगल-प्रदर्शन भरवलं, त्यात मार्कचं ‘निळ्या घोड्यांचा मनोरा’ होतं. मार्क 1916 मध्ये व्हर्डूनला लढताना मारला गेला होता, म्हणून लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेनं तक्रार केली आणि चित्र काढून घेण्यात आलं. पुढे ते गायब झालं, आजतागायत सापडलेलं नाही. त्याच काळात म्युंटरनं कान्डिन्स्कीची आणि इतरांची चित्रं मुर्नाऊच्या घराच्या तळघरात लपवून ठेवली होती, आणि 1957 मध्ये, आपल्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या वेळी, ती या संग्रहालयाला देऊन टाकली. ती नसती तर आमच्यापुढे भिंतीच राहिल्या असत्या. पण ही गोष्ट मी मराठीत सांगितली. त्या मुलाचं जर्मन त्या दिवशी इंचभरही पुढे गेलं नाही.

दुसरा तोटा असा की मार्गदर्शक बाईंवर अन्याय झाला. शुक्रवारनंतर तीच फेरी घेतली असती, तर मुलांनी प्रश्न विचारले असते. क्रम उलटा हवा होता, काचचित्रासारखा. आता ठरवताना मी असं लिहिते : गटानं पाच चित्रं आधी पाहिलेली आहेत, यादी सोबत आहे, त्यांना बोलू द्या, मग तुम्ही बोला. आणि पुण्यातून निघण्याआधी एक तास मराठीत. एक चित्र, साठ मिनिटं, ‘छान’ आणि ‘वेगळं’ हे शब्द वापरायला बंदी. ही बंदी मुलांना संकेतार्थापेक्षा जड जाते.

त्यानंतर

पुढच्या मे महिन्यातली तुकडी गेलीच नाही. साल 2020. वर्ग स्क्रीनवर आले, तिकिटं रद्द झाली, आणि मी त्या तासाला म्युंटरचं ‘त्सुह्योरन’ स्क्रीनवर लावलं. नवे चौदा विद्यार्थी, चौदा चौकटी, आवाज सगळ्यांचे बंद. मी उत्साहानं सुरुवात केली. ‘ह्योरन’ म्हणजे ऐकू येणं, ‘त्सुह्योरन’ म्हणजे कान देऊन ऐकणं, मराठीतही हे दोन वेगळे, हा माणूस यातलं कुठलं करतोय, वगैरे. चौकटींमधले चेहरे बघत होते. भुवया वर गेलेल्या. कोणी मान हलवत नव्हतं, याचं मला बरं वाटलं.

पाच मिनिटांनी एका मुलीनं आपला माइक उघडला आणि हळूच, बरोबर विभक्ती लावून म्हणाली, "वीअ ह्योरन झी निश्ट."

मॅडम, तुमचा आवाज येत नाहीये.